नऊ हातांचा वाघ

“हे कुणालाच खरं वाटायचं न्हाई,” आश्रुबानं बशी ओठापाशी नेऊन तशीच थांबवली, “पण मव्ह्या नातीनं आज पायात चप्पल घातली.”

परमेश्वरच्या टपरीपुढच्या बाकड्यावर पाच-सहा जण होते. सगळे पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. आश्रुबाच्या गोष्टीत चप्पल घातली म्हणजे ती उडणार, नाहीतर तिच्यातून निदान नाग तरी निघणार, एवढी गावाला खात्री. पण आश्रुबानं फुर्रकन चहा ओढला आणि बशी खाली ठेवली.

“मग काय झालं?” परमेश्वरनं पातेल्यात साखर टाकता टाकता विचारलं.

“मग काय हुतंय? घातली. दोन्ही पायात. कुणी सांगितलं न्हाई, कुणी हात लावला न्हाई. आन् निघाली साळंला.”

“गप बे,” धुळाजी म्हणाला. धुळाजी त्याच्या बरोबरीचा, त्यामुळं बे म्हणायचा हक्क गावात त्याच्या एकट्याकडं होता. “थापा बी जरा बेतानं मार की. ती पोरगी एकदा उभी राह्यली की खांब हुती. कुणी सांगितल्याबिगर चप्पल घालती व्हय?”

बाकडं हसलं.

आता हाच धुळाजी, हेच बाकडं. बहात्तरच्या दुष्काळात आश्रुबा वाघावर बसून कपिलधारला गेला, वाघानं धारेखाली अंघोळ केली, दर्शन घेतलं, आणि येताना आश्रुबाला चौसाळ्याच्या अलीकडं उतरवून आपण डोंगराला निघून गेला, ही गोष्ट या सगळ्यांनी चाळीस वर्षं मान हलवत ऐकली होती. एकदा एका पाहुण्यानं शंका काढली, की बहात्तरला धारेला पाणी कुठलं? आश्रुबा म्हणाला, “वाघ आला म्हणून आलं.” त्या वाघाला गावात कुणी खोटं म्हणालं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा आश्रुबा खरं बोलला, आणि ते मात्र कुणाच्या घशाखाली उतरेना.

तो उठला आणि घराकडं निघाला. पूर्वी कुणी असं हसलं असतं तर त्यानं चपलेच्या जागी सोन्याचे जोडे आणले असते. आज त्याला तेवढीही उबळ आली नाही.

संस्कृती दहा वर्षांची, चौथीत. हायवेवरून गेलेल्या ट्रकचा नंबर एकदा बघितला की पुढल्या सालीही सांगायची. पण “आवर गं लवकर” म्हटलं की जागच्या जागी थिजायची. एक बाही हातात चढवलेली, दुसरी लोंबती, नजर भिंतीवर. असा अर्धा अर्धा तास. गावानं आपापल्या परीनं निदान केलं होतं. कुणी म्हणे आळशी, कुणी म्हणे बहिरी, कुणाला त्यात बाहेरचं काहीतरी दिसायचं. मंगलनं, म्हणजे तिच्या आईनं, एकदा वैतागून फुंकणी घातली पाठीत. पोर रडली, आणि रडणं संपल्यावर दुसरी बाही तशीच लोंबती ठेवून उभी राहिली.

आषाढात मंजुषा मॅडम आल्या. अशा मुलांसाठी नेमलेल्या बाई. अकरा गावं त्यांच्याकडं, चौसाळ्याहून स्कूटीवर यायच्या, या गावाचा वार मंगळवार. दोन मंगळवार त्या नुसत्या संस्कृतीकडं बघत बसल्या. तिसऱ्याला आश्रुबाच्या ओट्यावर येऊन टेकल्या.

“मुलीला सगळं कळतं,” त्या म्हणाल्या.

“मग करत कावून न्हाई?”

“करायचंही असतं तिला. पण एका कामातनं निघून दुसऱ्यात शिरताना मध्ये एक उंबरा असतो. तुम्हाआम्हाला तो दिसतसुद्धा नाही. हिला तो कमरेएवढा आहे. आणि तुम्ही म्हणता, आवर. आवर हे काय एक काम आहे का, आजोबा? त्यात चाळीस कामं आहेत. कुठलं आधी, कुठलं नंतर, कुठलं झालं, कुठलं राहिलं, हे सगळं डोक्यात एकदम धरावं लागतं. तेच तिच्यानं धरवत नाही. म्हणून मारून उपयोग नाही, आणि लाडानंही नाही.”

आश्रुबाला तो उंबरा माहीत होता.

त्याची बायको साखराबाई गेल्या माघात वारली. दर सालासारखी ती मुलासुनेबरोबर ऊसतोडीला गेली होती, तिथल्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, भाकरी थापायला आणि नात सांभाळायला. आश्रुबा इकडं शेळ्यांपाशी. एका सकाळी ती चुलीपुढं बसली आणि उठली नाही. दोन एसट्या बदलून आश्रुबा पोचला तोवर नदीकाठी राख झाली होती. कारखाना थांबत नाही, म्हणून फडही थांबत नाही. गावाला वाटलं, म्हातारा आता हंबरडा फोडील, नाहीतर एखादी अशी गोष्ट सांगेल की देव खाली येईल. त्यानं दोन्ही केलं नाही. त्याला काही वाटलंच नाही. फक्त नंतर बरेच दिवस असं व्हायचं, की धोतराचा एक सोगा खोचून झाला की दुसरा हातातच राहायचा. खोचायचा आहे हे ठाऊक असायचं. हात जायचा नाही. कोंबड्या दारातून आत येऊन त्याच्याकडं बघून परत जायच्या. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी कुणी मानलं नसतं.

मॅडमनी सात चित्रं दिली. उठणं, दात घासणं, अंघोळ, गणवेश, वेणी, दप्तर, चप्पल. सुतळीला ओळीनं टांगली. दुसऱ्या दिवशी शेळीनं अंघोळीपासून दप्तरापर्यंत खाऊन टाकली. मॅडमनी प्लास्टिकात घालून नवी आणली. ती संस्कृतीला इतकी आवडली, की ती सुतळीपुढं उभी राहून चित्रंच बघायला लागली. शाळा राहिली बाजूला.

“हिला आवडतं काय ऐकायला?” मॅडमनी विचारलं.

“मव्ह्या गोष्टी. पर लई चुका काढती.”

“कसल्या चुका?”

“म्या एक दिशी वाघ नऊ हाताचा म्हणलो. दुसऱ्या दिशी अकरा हाताचा झाला. वाघच तो, वाढतो की! तर ही म्हणती, आबा, काल नऊ हुता.”

मॅडम हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

“आजोबा, तो नऊच ठेवता येईल का?”

आश्रुबाला आधी त्या मागण्यातली मेख कळली नाही. गड्याला वाटलं, वाघ तर आपला आहे, नऊ काय आणि तेरा काय. मॅडमनी वहीवर लिहिलं, त्यानं तोंडपाठ केलं. सात कामं, सात वाक्यं. नऊ हातांचा वाघ उठला, त्यानं जाळी झटकली. म्हणजे संस्कृतीनं उठून वाकळ झटकायची. वाघानं दात घासले. वाघ कपिलधारच्या धारेखाली उभा राहिला. वाघानं पट्टे चढवले, हा गणवेश. वाघानं मिशा विंचरल्या. वाघानं शिकार पाठीवर घेतली, हे दप्तर. वाघानं पंजे घातले आणि निघाला. एक काम झालं की पुढचं वाक्य. काम होईपर्यंत वाघानंही थांबायचं.

आणि पोर हलायला लागली. पहिल्या दिवशी सव्वा तास लागला, पण सातही झाली. मंगल दारात तान्ह्या सत्यमला घेऊन उभी होती. ती म्हणाली, “मामा, तुमचा वाघ लई शिस्तीचा हाय.”

अकरा दिवस वाघ शिस्तीत वागला. बाराव्या दिवशी आश्रुबाला राहवलं नाही. चाळीस वर्षांची खोड. चौथ्या आणि पाचव्या वाक्याच्या मध्ये त्याच्या तोंडून निघून गेलं, “आन् वाटंत वाघाला भेटलं अस्वल!”

संस्कृती शर्टाची दोन बटणं लावून थांबली.

“अस्वल कशाचं?” तिनं विचारलं.

“कशाचं म्हंजी? अस्वल. काळं.”

“अस्वलाचं काम काय?”

आश्रुबानं घाईनं अस्वलाला मारलं. तर तिनं विचारलं, मारणं म्हणजे कुठलं काम? त्यानं अस्वल आलंच नव्हतं असं सांगितलं. ती म्हणाली, आलतं. त्या दिवशी दुपारपर्यंत पोर दोन बटणांवर उभी होती, आणि शाळा बुडाली. मंगळवारी मॅडम आल्या तेव्हा आश्रुबानं चोरानं कबुली द्यावी तसं सांगितलं, “मव्ह्याकडून एक अस्वल घुसलं.”

त्यानंतर त्यानं जीभ बांधली. रोज सकाळी सात वाक्यं, तीच, त्याच क्रमानं, त्याच आवाजात. श्रावण गेला. शेजारच्या आळीतली पोरंही “पंजे घातले आन् निघाला” म्हणायला लागली. आश्रुबाच्या तोंडात वाघ हळूहळू भुसा भरल्यासारखा झाला. एका संध्याकाळी टपरीवर परगावचा ट्रकवाला बसला होता. परमेश्वरनं कौतुकानं म्हटलं, “आबा, ह्यांना वाघ सांगा की.” आश्रुबानं सुरुवात केली. नऊ हातांचा वाघ उठला, त्यानं जाळी झटकली. वाघानं दात घासले. सातव्या वाक्याला वाघ निघाला आणि गोष्ट संपली. ट्रकवाल्यानं चहाचा ग्लास ठेवला. परमेश्वर म्हणाला, “आबा, आधी तेरा हाताचा हुता की. आन् दर्शन? आन् ते धारंचं पाणी?” आश्रुबानं आठवून बघितलं. होतं सगळं, पण जिभेवर येत नव्हतं. त्याला वाटलं, आपल्याला वाईट वाटायला हवं. तसं काही झालं नाही. घरी येऊन तो भाकर खाऊन झोपला.

गणपती बसले आणि ऊसतोडीच्या मुकादमाचा माणूस गावात फिरायला लागला. दसरा झाला की तिसऱ्या दिवशी ट्रक. जेवताना आश्रुबाचा मुलगा शहादेव म्हणाला, “दादा, यंदा तुमालाच यावं लागंल. सत्यम चार महिन्याचा. कोपीवर त्याच्यापाशी कुणीतरी पाह्यजे. आई असती तर...”

“यीन की,” आश्रुबा म्हणाला. “आन् ही?”

“हिला बी नेऊ. दुसरं काय करणार?”

“म्या न्हाई नेणार,” मंगल म्हणाली. तिनं ताटावरून मान वर केली नाही. “आत्याबाई गेल्यावर फागुनात काय झालं ते मी बघितलंय. ट्रॅक्टर मागं येत हुता आन् ही मोळी डोक्यावर घेऊन मधी उभी. वरडून मव्हा घसा फुटला. हालली न्हाई. सत्यम पोटात हुता तव्हा, तशी पळाली मी. वीतभर ऱ्हायलं हुतं चाक. म्या न्हाई नेणार हिला फडावर.”

संस्कृती भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होती. “ट्रॅक्टर लाल हुता,” ती म्हणाली.

शहादेवनं पुढ्यातलं ताट बाजूला सारलं.

राहिली शाळा. तोडीला गेलेल्यांच्या लेकरांसाठी शाळेच्या दोन खोल्यांत दर साली वसतिगृह निघायचं. ते बघायच्या छबुबाई. नवरा गेल्यापासून त्यांनी शाळेतच चूल मांडलेली. बाई आवाजानं मोठी, आणि आवाजाइतकंच काम. आश्रुबा विचारायला गेला तेव्हा त्या टोपातलं वरण घाटत होत्या.

“आबा, मव्ह्याकडं अडतीस लेकरं हायेत. सकाळी सातला रांगंत उभी पाह्यजेत. एकीमागं सात येळा वाघ म्हणाया मला कुठला येळ? तिनं आपलं आपण आवरलं तर मव्ही ना न्हाई. हेडगुरुजी म्हणत्यात, चार दिवस ठिवून बगू. न्हाई जमलं तर घिऊन जा.”

“करती की! सगळं आपलं आपण करती,” आश्रुबा म्हणाला.

“तुमी वाघावर बी बसला हुतात,” छबुबाई म्हणाल्या.

मंजुषा मॅडमनी ऐकलं आणि वसतिगृह सुरू व्हायला उरलेले दिवस बोटावर मोजले. चोवीस. “आता टेकू काढायचे,” त्या म्हणाल्या. “एकदम नाही. स्लॅबखालचे काढतात तसे, एकेक. आणि शेवटाकडून. आधी चपलेचं वाक्य अर्धं करा. मग एकच शब्द. मग नुसतं खोका. मग तेही नको.”

“म्हंजी मला गप बसायचंय?”

“हो.”

“हे मॅडम, वाघाहून अवघड हाय.”

पण केलं त्यानं. “वाघानं पंजे घातले” वरून “पंजे” वर आला, “पंजे” वरून खोकल्यावर, आणि ज्या सकाळी खोकलाही आला नाही आणि संस्कृतीनं दोन्ही पायांत चप्पल घातली, त्याच सकाळी तो टपरीवर सांगायला गेला आणि तिथं त्याचं हसं झालं. पुढं दप्तर सुटलं, वेणी सुटली, गणवेशाला चार दिवस जास्त लागले पण तोही सुटला, मग अंघोळही सुटली. दसऱ्याला आठवडा उरला तेव्हा दोन टेकू राहिले होते, उठणं आणि दात. त्यांना अजून खोकला लागायचा. चोवीस दिवस संपले.

संस्कृती वाकळ आणि पत्र्याची पेटी घेऊन शाळेत गेली. वसतिगृहाच्या खोलीची मागची भिंत म्हणजेच शाळेचं कुंपण. तिला वर एक झरोका. पहिल्या दिवशी उजाडायला आश्रुबा त्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, बाभळीखाली, येऊन बसला. आत छबुबाईची हाळी झाली, लेकरांचा गलका उठला, नळाकडं पळापळ झाली, आणि खोली शांत झाली. म्हणजे आता आत एकटी संस्कृती वाकळेवर बसलेली. आश्रुबा खोकला. आत वाकळ झटकल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं आणखी एकदा खोकला. पेटीचं झाकण वाजलं, ब्रश घेतला असणार. सातला पाच मिनिटं असताना पोर रांगेत होती. आश्रुबानं घरी जाऊन सत्यमला मांडीवर घेऊन झोके दिले.

दुसऱ्या दिवशी पहिला खोकला झाला, आणि झरोक्यातून छबुबाईचा आवाज आला, “भिताडामागं कोण खोकतंय? आबा, औषिद घ्या, न्हाईतर घरी बसा!”

तिसऱ्या दिवशी तो घरी बसला. दुपारी शाळेतलं एक पोर सांगून गेलं, की संस्कृती रांग संपली तरी वाकळेवरच होती, शेवटी छबुबाईनं उचलून तोंड धुतलं. संध्याकाळी मंगलनं न बोलता पोरीचे दोन फ्रॉक तोडीच्या गठुड्यात घातले. मग काढले. मग परत घातले. शहादेव म्हणाला, “राहू दी आता.” ती म्हणाली, “चाक बघितलंय मी,” आणि फ्रॉक पुन्हा काढून ठेवले.

चौथ्या दिवशी आश्रुबा अंधुक असतानाच बाभळीखाली होता. त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. छबुबाईनं शिव्या घातल्या तरी खोकायचं. आयुष्यभर फुकट थापा मारल्या, ही एक कामाची. हाळी झाली. गलका उठला आणि ओसरला. खोली शांत. त्यानं वाट बघितली. नळावरची लेकरं भांडली, कुणाचा तरी साबण गटारात गेला, कुणीतरी रडलं, आणि आत अजून काहीच वाजलं नाही. आश्रुबानं छातीत श्वास भरून घेतला.

तेवढ्यात आतून कुजबुज आली. त्यानं कान भिंतीला लावला.

“आजी उठली,” संस्कृती म्हणत होती. “आजीनं वाकळ दोनदा झटकली.”

वाकळ झटकल्याचा आवाज आला. दोनदा.

“आजीनं राखुंडी घितली. उजव्या बाजूनं घासली. डाव्या बाजूची दाढ दुखती.”

पेटी वाजली. पावलं बाहेर गेली, बऱ्याच वेळानं परत आली. आश्रुबानं भरलेला श्वास अजून सोडला नव्हता, तो हळूहळू सुटला. वाघ नव्हता. तिनं वाघ काढून टाकला होता. गेल्या साली फडावरच्या कोपीत ती साखराबाईच्या कुशीला झोपायची. रोजची सकाळ तिनं बघितली होती, ट्रकचे नंबर बघायची तशी. तिला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिनं सांगितलं नव्हतं.

“आजीनं गार पाणी घितलं. तांब्ये चार. आजीनं लुगडं नेसलं. निऱ्या पाच.”

मध्ये मध्ये लांब थांबा. सातची घंटा झाली. पटांगणात रांग लागली, प्रार्थना सुरू झाली. आतली कुजबुज त्या प्रार्थनेखालून चालूच होती.

“आजीनं केस बांधले. फणीला दोन दात न्हाईत. आजीनं आईचा डबा बांधला. दोन भाकरी आन् ठेचा. आजीनं चप्पल घातली. आंगठा तुटलाय, तारंनं बांधलाय.”

साखराबाईच्या चपलेचा अंगठा तुटला होता हे आश्रुबाला माहीत नव्हतं. तिची दाढ दुखत होती हेही नाही. पुढं चुलीपुढं बसण्याचं वाक्य येईल म्हणून तो भिंतीला कान लावून थांबला. हात त्यानं भिंतीवर पालथे ठेवले होते. ते वाक्य आलं नाही. आतून चपलांचा आवाज दाराकडं गेला, पायऱ्या उतरला आणि पटांगणातल्या मातीत बंद झाला.

तो किती वेळ तसा उभा होता कुणास ठाऊक. छबुबाई फाटकातून वळसा घालून मागं आल्या, तेव्हा त्याच्या गालावर भिंतीचा चुना लागला होता.

“सत्तावीस मिनिटं उशीर,” त्या म्हणाल्या. “प्रार्थना झाल्यावर आली.”

आश्रुबानं मान हलवली.

“पर आज भिताड खोकलं न्हाई,” छबुबाईंनी पदरानं हात पुसले. “अर्धा तास आधी उठवीत जाईन हिला. त्यात काय? पीठ मळाया मी पाचलाच उठती. गुरुजीला सांगती मी.” थोड्या घुटमळल्या. “आबा, तोंड पुसा. चुना लागलाय.”

दसरा झाला. तिसऱ्या दिवशी पारापाशी ट्रक उभा राहिला. भांडी, वाकळा, कोयते, वर बाया आणि लेकरं. मंगल आदल्या संध्याकाळीच पोरीला भेटून आली होती. तिला ते दुसऱ्यांदा जमणार नव्हतं, म्हणून ती ट्रकमध्ये तोंड फिरवून बसली. ड्रायव्हरनं हॉर्न मारला तेव्हा आश्रुबा सत्यमला खांद्यावर टाकून शाळेकडं चालला होता. मागून शहादेव ओरडला, “दादा, लवकर!”

लेकरांचं जेवण नुकतंच झालं होतं. नळापाशी ताटं धुवायची रांग. संस्कृतीचा नंबर आला होता. ताटाला राख लावून झाली होती.

“निघालो बरं का,” आश्रुबा म्हणाला.

“हं.”

“म्हंजी तुझे आईबाप निघाले.” त्यानं खांद्यावरचं लेकरू सावरलं. वाटेत त्यानं पुष्कळ काही जुळवलं होतं, उसाच्या फडातली एक सशांची वरात होती, ती दर रविवारी तिच्यासाठी निरोप घेऊन येणार होती. त्यातलं काही तोंडातून निघेना. “मी कुठं जात न्हाई. मी हितंच हाय, ह्या भिताडामागं. रोज सकाळी. खोकणार न्हाई. पर असीन.”

पारावरून पुन्हा हॉर्न आला. संस्कृतीनं ताट नळाखाली धरलं, राख धुऊन गेली, ताट दोनदा झटकलं.

“खोटं,” ती म्हणाली. आवाज मोठा होता, रांगेतल्या लेकरांनी वळून बघितलं, छबुबाईंनीही. “तू हितं राह्यलास तर तिकडं सत्यमला कोण धरतंय?”